मावशीच्या पाण्याची लाकडं

आमच्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर, माझ्या घरातल्या दिवाणाच्या पोटात, हे लिहिताना दोन गोणी सुकी लाकडं आहेत. मी ती लपवलेली नाहीत. सोसायटीने मला आतापर्यंत तीन नोटिसा दिल्या आणि तिन्ही मी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवल्या आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून. ज्याला वाटतं त्याने यावं, गादी बाजूला करावी आणि फळी उचलून बघावं. मी त्या लाकडांवर रोज झोपते आणि मला चांगली झोप लागते.

घरात गॅस आहे, गिझर आहे, मग ह्या बाईला लाकडं कशाला हवीत, असं लोक माझ्या माघारी विचारतात. तोंडावर विचारलं तर मी सरळ सांगते की ही लाकडं मयताच्या पाण्यासाठी आहेत. ऐकल्यावर बहुतेकांचा चेहरा उतरतो आणि ते लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबायला लागतात.

लालबागला आमची जुनी चाळ उभी होती तोवर हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. चाळीत कुणी गेलं की त्या घरातली चूल बंद. स्टोव्ह आले, गॅस आले, तरी नियम तोच राहिला. मयताला शेवटची आंघोळ गरम पाण्याने घालायची, आणि ते पाणी त्या घरात तापवायचं नाही. ते शेजाऱ्यांनी तापवायचं, घराबाहेर, तीन विटा मांडून, लाकडावर. माणूस काही वेळ-काळ बघून जात नाही. भर पावसात गेला तरी लाकूड त्याच घटकेला लागतं आणि ते सुकंच लागतं. म्हणून आमच्या चाळीच्या जिन्याखाली लाकडं बारा महिने रचलेली असत. ती रचायचं काम माझ्या वडिलांचं होतं. कुणी त्यांना नेमलं नव्हतं. गिरणीत ते साचेखात्यात, म्हणजे विणायच्या मागांवर होते. गिरणी बंद पडली, साचे भंगारात गेले, वडील घरी बसले, पण जिन्याखालची लाकडं त्यांनी सोडली नाहीत.

एप्रिल-मेमध्ये पालिकेची माणसं रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या छाटतात. छाटलेलं सगळं ट्रक येईपर्यंत फुटपाथवर पडून राहतं. वडील सकाळीच कोयता आणि गोणपाट घेऊन निघत आणि मला बरोबर नेत, कारण माझे दोघे भाऊ नेमके त्याच वेळी कुठेतरी क्रिकेट खेळायला गेलेले असत. जाड फांद्यांना वडील हात लावत नसत. मनगटाएवढी जाड, त्याच्या वर नको. देशी बदाम चाले, करंज चाले, जांभूळ मिळाली तर आनंदच. गुलमोहर भुसभुशीत, नुसता पेट घ्यायला बरा. वड, पिंपळ, उंबर यांच्या काटक्या मात्र निवडून परत झाडाच्या बुंध्याशी ठेवायच्या, त्या जाळायच्या नाहीत. निवडताना त्यांचा चष्मा नाकावरून घसरायचा आणि ते माझ्यावर खेकसायचे, जणू मीच तो घसरवत होते.

घरी आणलं की वीतभर लांबीचे तुकडे. बोटाएवढ्या काटक्या तशाच ठेवायच्या, जाड तुकडे मधोमध चिरायचे, कारण सालीच्या आत पाणी कोंडून राहतं. मग गच्चीवर पसरायचे, ढीग करून नाही, एक थर आडवा, एक उभा, मधून वारा फिरेल असे. दोन-तीन दिवसांनी उलटायचे. पावसाआधी जिन्याखाली न्यायचे. खाली विटा, विटांवर फळी, फळीवर लाकडं आणि वरून गोणपाट. प्लास्टिक कधीच नाही. लाकडं सुकली का, हे डोळ्यांनी बघून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन तुकडे हातात घेऊन एकमेकांवर आपटायचे. ओलं लाकूड थप्प वाजतं. सुकलेलं टणटणीत वाजतं.

“सुक्या लाकडाक आवाज असता,” ते म्हणायचे. “ओल्याक नसता.”

मला हे सगळं बारा-तेरा वर्षांची असल्यापासून पाठ होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याला मला काही सबब सांगता येत नाही.

त्या वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांनी अंथरूण धरलं. तेव्हा मी परळच्या एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर नोकरी करत होते. लग्न केलं नव्हतं, पुढेही केलं नाही, आणि त्याबद्दल ज्यांना वाईट वाटतं त्यांनी ते आपापल्या घरी वाटून घ्यावं. भाऊ डोंबिवली आणि विरारला गेले होते. लाकडं मी आणली. तोडली. गच्चीवर पसरली. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. मला ड्युटीला उशीर होत होता. मी सगळी लाकडं एकत्र लोटली, त्यांवर निळं प्लास्टिक टाकलं आणि दोरीने करकचून बांधलं. पाऊस काही आला नाही. ऊन मात्र आठ दिवस कडक पडलं, आणि मी रोज उद्या सोडते, उद्या सोडते म्हणत राहिले. शेवटी ते गाठोडं तसंच्या तसं जिन्याखाली नेऊन ठेवलं.

वडिलांना जिना उतरता येत नव्हता. त्यांनी अंथरुणावरूनच विचारलं, “सुकली फाटी?” सरपणाला ते फाटी म्हणत.

“हो,” मी म्हटलं.

“वाजवन बघलंस?”

“हो बाबा.”

मी वाजवून बघितलं नव्हतं. एवढंच खोटं मी त्यांच्याशी बोलले, आणि बोलायला मला हेच सापडलं.

वडील ऑगस्टमध्ये गेले. चाळीतल्या पुरुषांनी पुढच्या पडवीत तीन विटा मांडल्या, पातेलं चढवलं आणि जिन्याखालचं गाठोडं सोडलं. आतली लाकडं पांढऱ्या बुरशीने माखलेली होती. ती पेटेनात. टोकातून फेस यायला लागला आणि नुसता सूं सूं आवाज. कुणीतरी रॉकेल आणून ओतलं, रॉकेल भपकन जळून गेलं आणि लाकडं काळी होऊन तशीच राहिली. धूर जिन्यात भरला, तिथून गॅलरीत आला, तिथून आमच्या खोलीत. भेटायला आलेली माणसं पदराने, रुमालाने नाक धरून खोकत बाहेर पळाली. खोलीत वडील एकटे राहिले आणि दारात मी. पाऊण तास हे चाललं. मग कुणीतरी म्हणालं, पुरे झालं, घ्या आता.

कढत पाणी अंगाला सोसेल असं करायला त्यात गार पाणी मिसळतात, त्याला विसण म्हणतात. माझा धाकटा भाऊ भाबडेपणाने तांब्या भरून विसण घेऊन आला. पातेल्याजवळच्या एका म्हाताऱ्याने पाण्यात बोट बुडवलं आणि त्याला हाताने परत पाठवलं.

“याला विसण कसलं घालतोस,” तो म्हणाला.

जन्मभर दुसऱ्यांच्या पाण्याला सुकं लाकूड देणाऱ्या माणसाला आम्ही जेमतेम कोमट पाण्याने आंघोळ घातली. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

एकच माणूस बोललं. आमच्या समोरच्या खोलीत मावशी राहायची. नात्याची नाही, चाळीची मावशी. ती खानावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत तिने कैक वर्षं गिरणीकामगारांच्या पंगती उठवल्या होत्या, आधी लाकडावर आणि मग स्टोव्हवर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, एक पुतण्या होता तो नालासोपाऱ्याला. तर तेराव्यानंतर मी जिन्याखाली ते निळं प्लास्टिक आवरत बसले होते. मावशी उतरून आली. तिने एक तुकडा उचलला, नाकाशी नेला आणि खाली टाकला.

“कोंडलंस गो तू ह्येंका,” ती म्हणाली. मग जिन्याच्या कठड्याला धरून वर जाताना थांबली. “माझ्या येळेक असा करू नको हां.”

पुढच्या एप्रिलमध्ये मी कोयता घेऊन एकटीच निघाले. चाळीत कुजबुज झाली. मयताची लाकडं बाईमाणसाने तोडायची नसतात, असं पहिल्या मजल्यावरच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं. मी कोयता त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, मग तुम्ही तोडा. त्यांना एकदम टीव्हीवरच्या बातम्या आठवल्या. ते आत गेले ते गेलेच. चार वर्षांनी त्यांचं पाणी माझ्याच लाकडावर तापलं आणि चांगलं कढत तापलं. चाळ पडेपर्यंत त्या जिन्याखालून जेवढ्यांचं पाणी तापलं त्यांतलं एकही मी वाजवून न बघितलेल्या लाकडावर तापलं नाही.

मग चाळ पाडली, आम्ही काही वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली आणि शेवटी टॉवरमध्ये आलो. मला चौदावा मजला मिळाला, मावशीला सहावा. टॉवर चांगला आहे, उगाच खोटं कशाला बोलू. नळाला पाणी येतं, संडास घरात आहे, आणि चौदाव्या मजल्यावर ऊन-वारा चाळीच्या गच्चीपेक्षा सरस आहे. फक्त इथे जिन्याखाली जागा नाही. जिना आहे, पण त्याच्याखाली दुसरा जिना आहे.

पहिल्या वर्षात टॉवरमधली दोन माणसं गेली. दोघंही आमच्या चाळीचीच. दोघांनाही गिझरच्या पाण्याने आंघोळ घातली. बाथरूममधून बादली भरून आणली, पाच मिनिटांत काम झालं. मावशी दुसऱ्या मयताला व्हीलचेअरवर बसून गेली होती. गुडघ्यांनी तिला कधीच सोडलं होतं, पण मयत ती चुकवत नसे. तिथून घरी आल्यावर तिने मला निरोप पाठवला. मी सहाव्यावर गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“त्या गिझराच्या पाण्यान माका न्हाऊ घालू नको,” ती म्हणाली. “हजारांची जेवणा केलंय लाकडार. माझा पाणी लाकडार तापव.”

मी तिला हो म्हटलं. वडिलांनाही मी हो म्हटलं होतं. हे तिला माहीत होतं आणि मलाही. ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मीच नजर खाली घातली. त्या दिवशी मी ठरवलं की जग इकडचं तिकडे झालं तरी हिचं पाणी कढत होणार.

आता आमच्या सेक्रेटरीबद्दल. हा मुलगा आमच्याच चाळीतला. मुलगा म्हणते, पण तो चाळीस ओलांडून गेलाय, बँकेत आहे, टाय लावतो. वाईट नाही. पाण्याची टाकी वेळेवर साफ करून घेतो, लिफ्टवाल्यांना धारेवर धरतो. पण कमिटीत बसल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीत नियम दिसायला लागला आहे. मी मे महिन्याच्या सुरुवातीला पार्किंगच्या एका कोपऱ्यात, रॅम्पखाली, विटांवर फळी टाकून लाकडं रचली होती. गच्चीवर नीट सुकवून, वाजवून. महिना संपत आला तेव्हा एक दिवस खाली गेले तर कोपरा झाडून लख्ख केलेला. लाकडं नव्हती, फळी नव्हती, विटासुद्धा नव्हत्या. वॉचमन म्हणाला, साहेबांनी सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत घालायला सांगितलं. गच्चीलाही नवीन कुलूप लागलं होतं.

मी सेक्रेटरीच्या दारात गेले. तो नाष्टा करत होता.

“ताई, आत या ना,” तो म्हणाला.

“आत नाही येत. माझी लाकडं कुठायत?”

“ताई, पार्किंगमध्ये गाड्या आहेत, पेट्रोल आहे. फायरवाले इन्स्पेक्शनला आले तर आपल्याला एनओसी मिळणार नाही. मी नोटीस लावली होती बोर्डवर.”

“बोर्डावर लावलीस. माझं दार चौदाव्या मजल्यावर आहे.”

“सॉरी. पण लाकडं नाही ठेवता येणार. कुठेच. कॉमन एरियात तर नाहीच.”

“तुझ्या वडिलांचं पाणी कशावर तापलं होतं?”

हातातला चमचा त्याने बशीत ठेवला. मग म्हणाला, “ताई, तेव्हाचं वेगळं होतं.”

“काय वेगळं होतं? तुझे वडील कमी मेले होते?”

हे मी बोलायला नको होतं. त्याच्या बायकोने आतून दार लोटलं. पण मला त्याचा पश्चात्ताप झाला असं मी लिहिणार नाही, कारण तसा तो झाला नाही. तो खोटं बोलत नव्हता हेही मला कळत होतं. पेट्रोलच्या गाड्यांशेजारी सरपण असू नये, हे खरंच आहे. पण त्याने ती लाकडं उचलायच्या आधी मला हाक मारली असती तर मी ती त्याच दिवशी वर नेली असती. त्याने मावशीचं पाणी कचऱ्याच्या गाडीत घातलं होतं, आणि पावसाळा दारात होता.

मी पुन्हा सुरुवात केली. छाटणी बहुतेक ठिकाणी उरकली होती. एका बंद शाळेच्या कंपाउंडबाहेर बदामाच्या फांद्या पडलेल्या मिळाल्या, आणखी थोड्या नायगावच्या बाजूला करंजाच्या, आणि पेट घ्यायला गुलमोहराच्या काटक्या. साठीला आलेली बाई फुटपाथवर बसून कोयता चालवतेय म्हटल्यावर लोक थांबून बघायचे. एकाने मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. त्याला मी फांदीचं एक टोक धरायला लावलं. तो बिचारा शेवटपर्यंत धरून उभा राहिला.

घरी आणायचं कसं, हा प्रश्न होता. लिफ्टमध्ये कॅमेरा आहे. मी बाजाराच्या दोन कापडी पिशव्या घेतल्या. खाली लाकडाचे तुकडे, वर कोथिंबीर, पालक, शेवग्याच्या शेंगा. दिवसातून तीन खेपा. वॉचमनला एवढंच वाटलं असेल की ही बाई एकटी राहते आणि गुरासारखा पाला खाते. घरात मी तुकडे चिरले, खिडकीच्या ग्रिलमध्ये सतरंजी टाकून तिच्यावर पसरले. आडवे, उभे. ऊन सरकेल तसे ते सरकवले. वारा भरपूर होता. जून उजाडला, ढग यायला लागले, मी पंखा लावून त्याच्याखाली पसरले. इस्त्री करायच्या टेबलावर, डायनिंग टेबलावर, टीव्हीच्या कपाटावर. रात्री आत, सकाळी बाहेर. घराला सालीचा वास लागला. प्लास्टिक नाही, घाई नाही. रोज संध्याकाळी दोन तुकडे आपटून बघायचे. थप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा थप्प. मावशीचा श्वास लागत होता आणि ती दिवसेंदिवस वाळत होती. मी देवाला सांगितलं की कोण आधी वाळतंय ते माझ्या हातात नाही, पण जरा थांब.

ग्रिलमधली लाकडं खालून दिसली आणि पहिली नोटीस आली. ज्वलनशील पदार्थ घरात साठवणे. मी तिच्या झेरॉक्सच्या मागे उत्तर लिहून दिलं: माझ्या घरात लाकडाचे तुकडे आहेत, तुमच्या घरात लाकडाचा सोफा आहे, दोन्ही एकदमच काढून टाकू. दुसरी नोटीस आली, पुढे तिसरी आली. तिन्ही वाचून मी फ्रिजवर लावल्या.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी करंजाचे दोन तुकडे टणटणले. मी पुन्हा आपटले. मग ढिगातून दुसरे दोन काढले, मग खालच्या थरातले. सगळे वाजत होते. मी बदामाचे दोन तुकडे घेतले आणि तशीच चपला न घालता सहाव्यावर गेले.

मावशी उशीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि वडिलांनी विचारलं होतं तेच विचारलं.

“सुकली?”

मी हो म्हटलं नाही. दोन्ही तुकडे तिच्या हातात दिले. एक तुकडा पांघरुणावर पडला, तो मी परत दिला. तिने तो पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटला. टण्ण. कान त्या बाजूला नेऊन पुन्हा आपटला. मग दोन्ही तुकडे उशीखाली ठेवून दिले.

“ही हयच ऱ्हवांदेत,” ती म्हणाली. “तू जा. दार ओढून घे.”

मावशी जुलैच्या शेवटी गेली, सकाळी नऊच्या सुमारास, पेज पिता पिता. बाहेर पावसाची संततधार लागली होती. पुतण्याला फोन गेला. सहाव्यावरच्या बायका जमल्या. कुणीतरी सवयीने बाथरूममध्ये शिरून गिझरचं बटण दाबलं, ते मी जाऊन बंद केलं. “पाणी मी आणते,” एवढंच म्हटलं आणि वर गेले. एक गोण दिवाणातून काढली, मोठं पातेलं घेतलं, आणि येताना मावशीच्या उशीखालचे दोन तुकडे घेतले. कोथिंबीर वगैरे काही नाही. गोण उघड्यावर, लिफ्टच्या कॅमेऱ्यासमोर धरून खाली गेले.

पार्किंगच्या रॅम्पच्या तोंडाशी छपराखाली चार हात कोरडी जागा आहे, गाड्यांपासून लांब. मी पातेलं पार्किंगच्या नळावर भरलं आणि तिथे तीन विटा मांडल्या. त्या विटा मी बागेच्या वाफ्याच्या काढल्या, हेही लिहून ठेवते. काटक्या रचत होते तेवढ्यात सेक्रेटरी धावत आला. ऑफिसच्या कपड्यांत, हातात छत्री.

“ताई, प्लीज. इथे आग नाही लावायची. वर बघा, स्मोक डिटेक्टर आहे. धूर गेला की पूर्ण बिल्डिंगचा अलार्म वाजेल, लोक जिन्याने पळतील. म्हातारी माणसं आहेत.”

मी वर बघितलं. छताला पांढरी डबी होती, तिच्यात लाल दिवा लुकलुकत होता.

“धूर होणार नाही,” मी म्हटलं.

“लाकडं जाळल्यावर धूर होणार नाही?”

“ओली जाळली तर होतो. ती मी एकदा जाळलीत. अलार्म वाजला तर हेच पातेलं मी विस्तवावर ओतेन, आणि मावशीला गिझरच्या पाण्याने आंघोळ घालेन, आणि तुला पुन्हा तोंड दाखवणार नाही.”

मी पातेलं विटांवर चढवलं आणि काडी ओढली. गुलमोहराच्या काटक्यांनी लगेच पेट घेतला, त्यांच्यावर करंज, करंजावर बदाम. पहिल्या मिनिटाला एक पातळ निळसर रेघ वर गेली. मी, तो आणि वॉचमन, तिघंही मान वर करून त्या डबीकडे बघत राहिलो. रेघ वाऱ्याबरोबर बाहेर पावसात गेली. मग ज्वाळा उभी राहिली, स्वच्छ पिवळी, आणि धूर संपला. लाकूड तडतडत होतं. सूं सूं नाही, फेस नाही. मी मावशीच्या उशीखालचे दोन तुकडे शेवटी घातले.

वाऱ्याने पावसाचे शिंतोडे आत यायला लागले. सेक्रेटरीने छत्री उघडली आणि विटांच्या वाऱ्याकडच्या बाजूला आडवी धरली. त्याची पाठ भिजत होती. मी त्याला धन्यवाद दिले नाहीत आणि त्याने मागितले नाहीत.

पाण्याला आधण आलं. पातेलं दोन बाजूंनी फडक्याने धरून उचलावं लागणार होतं. मी एक कान धरला आणि वॉचमनकडे बघितलं, पण दुसरा कान सेक्रेटरीने आधीच धरला होता. लिफ्टमध्ये आम्ही दोघं समोरासमोर, मध्ये पातेलं, वाफेने आरसा धुरकटलेला. सहाव्यावर तो दाराशी थांबला, कारण आत बायका होत्या. मी पातेलं आत ओढून घेतलं.

मावशीला पाटावर टेकवून धरलं होतं. केस सोडलेले होते. ती अगदी लहान दिसत होती. मी पाण्यात बोटं बुडवली आणि झटकन बाहेर काढली. बोटांची टोकं लाल झाली. बायका माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. वडील गेले तेव्हा मी रडले नव्हते, लाज वाटत होती म्हणून, आणि आत्ता पातेल्याशी बसून रडले.

“काय झालं?” दाराबाहेरून सेक्रेटरीने विचारलं. “पाणी कमी पडलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “विसण आण.”

त्याने शेजारच्या घरातून गार पाण्याचा तांब्या आणून दारातून आत सरकवला. मी तो पातेल्यात ओतला आणि पुन्हा बोट बुडवून बघितलं.

“अजून एक आण,” मी म्हटलं.